तुमच्या खोलीतले दोन स्पीकर

प्रिय आत्या,

काल तुमचं वर्षाचं पुण्यस्मरण झालं. आज सकाळी पाहुणे आपापल्या गावी गेले, महेश कॉलेजात शिकवायला गेला, आणि मी हातातली कामं टाकून तुमच्या खोलीत येऊन बसलेय. काल या खोलीत जे घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. फोन लावायची सोय तुम्ही ठेवली नाहीत, म्हणून कागद घेतला.

मोठी बातमी आधी सांगून टाकते. स्पीकर जागेवरच आहेत!

ते हलवायची वेळ आली होती, हे तुम्हाला ठाऊक नसेल. हलवा म्हणणारे कोण, तर तुमचे थोरले चिरंजीव. पण थांबा. नाहीतर तुम्ही म्हणाल, "सुजा, तू गोष्ट शेपटीकडनं सांगायलीस."

आठवतं, मी लग्न होऊन केम गावाहून सोलापूरला या घरात आले तेव्हा तुम्ही मला पहिला प्रश्न काय विचारला होता? "तू पुण्यात गाण्याचं शिकलीस म्हणं. मग एक म्हणून दाखव की!" मी घाबरून म्हटलं, "आत्या, मी गात नाही. गाणारे गातात, वाजवणारे वाजवतात. कुणाचा आवाज मोठा, कुणाचा बारीक. मी ते सगळे एकमेकांत नीट बसवते. मिक्सिंग म्हणतात त्याला."

तुम्ही क्षणभर विचार केलात आणि अख्ख्या घराला ऐकू जाईल असं म्हणालात, "म्हंजे भांडणं सोडवतीस!"

माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मला आजवर कुणाला जमलेलं नाही. आणि सासूला आत्या म्हणायची आपल्याकडची रीत मला त्या दिवसापासून रीत वाटलीच नाही. तुम्ही माझ्या आत्याच झालात.

तेव्हा मी बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून काम करायची. खिडकीबाहेर रिक्षा, भाजीवाले, शाळेची पोरं. म्हणून कानाला हेडफोन. हेडफोनमध्ये गाणं कसं अगदी गोड वाटायचं! आणि तेच गाणं कुणी गाडीत लावलं की ढोलकी नुसती अंगावर धावून यायची आणि गाणारं पोर कुठेतरी मागे हरवून जायचं. पुण्याच्या वृंदाताईंच्या बालनाट्याची गाणी माझ्याकडे होती. त्यांनी ती दोनदा परत पाठवली. पुन्हा असंच झालं तर काम दुसरीकडे द्यावं लागेल, हे त्यांनी फार गोड शब्दांत कळवलं. गोड शब्दांनी जास्त लागतं, नाही का?

मी स्वयंपाकघरात महेशला सांगत होते, "मला स्टुडिओतले मॉनिटर स्पीकर हवेत. आणि ते ठेवायला शांत खोली हवी. या घरात तशी खोली एकच आहे." महेश म्हणाला, "आईच्या खोलीचं बोलत असशील तर नको. विचारूसुद्धा नकोस."

तुम्ही पलीकडे मेथी निवडत बसल्या होतात. तिथूनच आवाज आला, "काय विचारू नको? विचार की!"

झालं! मेथीची जुडी बाजूला ठेवून तुम्ही उठलात आणि सरळ तुमच्या पलंगावरची गादी गुंडाळायला लागलात. महेश हात धरून म्हणाला, "आई, लग्न झाल्यापासूनची तुझी खोली आहे ती."

"म्हणून तर! किती वर्षं तीच भिंत बघू? भाईरच्या खिडकीतनं गल्ली दिसती."

आणि खरंच, तुमचा पलंग बाहेर आला आणि शुक्रवार पेठेतली एकही खबर आपल्या घरावरून पुढे जाईना! कुणाकडे स्थळ आलं, कुणाचा गॅस संपला, कुणाचा जावई रुसून गेला, सगळं आधी तुम्हाला. तुम्ही नुसत्या खुलल्या होतात.

पण एक विचारू? तिथे रिक्षांच्या आवाजाने तुमची दुपारची झोप पार मोडली होती, हे मला का नाही सांगितलं? तुमच्या भजनी मंडळातल्या बायकांकडून मला ते कळलं, आणि तेही तुम्ही गेल्यावर. मी विचारायची तेव्हा तुम्ही म्हणायच्या, "हितं लई गार वारा येतो बघ, डोळा लागतो." आत्या, तुम्ही इतक्या सफाईने थापा मारायच्या, हे मला आधी माहीत असतं तर!

स्पीकरची खोकी आली तो दिवस आठवतो? समोरच्या काकू धावत आल्या. "डॉल्बी आणला का घरात? आता मिरवणूक संपली तरी सुटका न्हाई आमची!" त्यांची काही चूक नव्हती. सोलापुरात स्पीकर म्हटलं की खिडक्यांच्या काचा हलवणाराच डोळ्यापुढे येतो. मी खोकी उघडली, आतून दोन लहानसे काळे डबे निघाले, आणि सगळ्यांत जास्त निराश झाला तो तुमचा चेहरा.

"येवढेच? लग्नातले तर माझ्या उंचीचे असतात की गं!"

"आत्या, हे दणका द्यायला नाहीत. हे जसं आहे तसं ऐकवायला आहेत. आवाज वाढवायचं मशीन यांच्या पोटातच असतं, वेगळं काही जोडावं लागत नाही. प्रत्येकाला विजेची वायर द्यायची की झालं."

मग त्यांना भिंतीपासून लांब काय सरकवलं, स्टँडवर चढवून माझ्या कानाच्या उंचीला काय आणलं, माझी खुर्ची आणि दोन स्पीकर यांच्यात सारखं अंतर यावं म्हणून दोरीने मापं काय घेतली! तुम्ही दारात उभं राहून म्हणालात, "देव बसवतानापण येवढं करत न्हाईत." ढोलकीचा जाड आवाज खोलीच्या कोपऱ्यात जाऊन साचतो, असं मी सांगितल्यावर तुम्ही माळ्यावरून तुमच्या लग्नातल्या कापसाच्या गाद्या काढायला लावल्यात आणि कोपऱ्याकोपऱ्यात उभ्या केल्यात. समोरच्या काकूंनी विचारलं, पाहुणे किती येणार आहेत?

मग म्हणालात, "लाव आता माझं गाणं." ते जुनं सिनेमातलं, मोबाईलवर तुम्ही रोज ऐकायच्या ते. मी लावलं. आणि तुमच्या कपाळावर आठी! मागची खरखर ऐकू यायला लागली, तबला फाटल्यासारखा वाजला, बाईंचा आवाज एकदम पातळ.

"यव्वा! गाणं आजारी पडलंय की हे!"

"ते तसंच आहे, आत्या. मोबाईलवर झाकलं जातं."

"मग गाणं वाईट ऐकवायला आणलेत व्हय हे? नाव काय म्हणालीस यांचं?"

"मॉनिटर."

तुम्ही इतक्या हसलात की तुम्हाला खुर्चीवर बसवावं लागलं. "शाळेत आमच्या वर्गाचा मॉनिटर होता. मास्तर भाईर गेले की कोण बोललं त्याचं नाव फळ्यावर लिहायचा मेला! हे त्याच्यातलेच!"

अगदी त्याच्यातलेच. ढोलकी आगाऊपणा करत होती, फळ्यावर नाव. पेटी गाणाऱ्याच्या तोंडावर बसली होती, फळ्यावर नाव. मला चुका दिसायला, म्हणजे ऐकू यायला लागल्या, आणि वृंदाताईंची गाणी मी नव्याने बसवली. या वेळी ती गाडीत लावली, मोबाईलवर लावली, काकूंच्या जुन्या टीव्हीवर लावली, आणि सगळीकडे पोराचा आवाज पुढे आणि ढोलकी तिच्या जागी. दुपारी शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी घेऊन तुम्ही आत यायच्या, मागे बसून ऐकायच्या, आणि आवडलं की तुमच्या अक्कलकोटच्या बाजूच्या कानडीत म्हणायच्या, "छलो आगेद!" म्हणजे झकास झालंय. कधी एक शब्दही न बोलता उठून जायच्या. तेव्हा मी समजायची की पुन्हा करायचं.

वृंदाताई शेवटचं ऐकायला स्वतः सोलापूरला आल्या. गाणी त्यांना पसंत पडली, हे मी फार सांगत नाही, कारण खरी गंमत पुढे झाली. तुम्ही चहा घेऊन आत आलात. नाटकातली पोरं झाडावर चढतात, तो भाग चालू होता. तुम्ही ट्रे हातात धरूनच ओरडलात, "अरे उतरा की खाली, पडशाल!"

वृंदाताईंचा कपाकडे गेलेला हात तसाच राहिला. त्यांच्या नाटकात चिंचेच्या झाडात राहणारी एक म्हातारी होती. ती दिसत नाही, फक्त तिचा आवाज येतो. पुण्यात त्या कितीतरी दिवस तो आवाज शोधत होत्या.

"आजी, तुम्ही कराल?"

"मी? नाटकात? सुजा, या बाईंना ऊन लागलं काय बघ गं!"

पण डोळे कसे चमकत होते तुमचे! दुसऱ्या दिवशी तुम्ही न सांगता, न्हाऊन, इरकल नेसून, कुंकू लावून मायक्रोफोनपुढे हजर. मी म्हटलं, "आत्या, फक्त आवाज घ्यायचाय." तुम्ही म्हणालात, "आवाजाला काय कापडं नकोत व्हय?"

रेकॉर्डिंग झालं आणि मी तुम्हाला माझ्या खुर्चीवर बसवून ते लावलं. तुम्ही बराच वेळ ऐकलंत.

"ही बाई कोण?"

"तुम्हीच."

"माझा आवाज असा हाय? इतका चिरका?" आणि मग, हळूच, "जरा गोड कर की गं."

मी म्हटलं, करता येतो. थोडा मऊ, थोडा भरदार. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तुमची कवळी 'टक्' करून वाजत होती, तेही काढता येत होतं. तुम्ही पुन्हा एकदा ऐकलंत. मग खुर्चीतून उठून म्हणालात, "नको. म्हातारी हाय ती. ऱ्हाऊ दे तशी."

आणि ते 'टक्' केवढं गाजलं! सोलापुरात प्रयोग झाला तेव्हा आपण पोरांच्या मधे बसलो होतो. अंधारातून तुमचा आवाज आला, "कोण हाय रे तितं? चिंचा पाडायलाय व्हय? टक्!" आणि अख्खं सभागृह खिदळलं. तुम्ही शेजारच्या चिमुरडीला म्हणालात, "ती मी हाय." तिने तुम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "खोटं. ती झाडात राहते."

मग काय, तुम्ही गप्प बसणाऱ्या थोड्याच! तुम्ही भर प्रयोगात तेच वाक्य, त्याच सुरात, 'टक्'सकट म्हणून दाखवलंत. पुढच्या तीन रांगा मागे वळल्या. रंगमंचावरची पोरं खरोखरच घाबरून झाडाकडे बघायला लागली. ती चिमुरडी तर तुमच्या मांडीवरच चढून बसली आणि नाटक संपेपर्यंत उतरली नाही. घरी येताना रिक्षात तुम्ही माझा हात धरून नुसत्या हसत होतात. इतकं हसलेलं मी तुम्हाला आधी कधीच पाहिलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत तुम्ही गेलात. दवाखाना नाही, कुणाला त्रास नाही. सकाळी खिडकीजवळ बसल्या बसल्या. मला हाकही मारली नाहीत. याचा राग मी अजून धरून आहे, हे लक्षात असू द्या.

आणि ज्यांच्यासाठी ते सगळ्यांत अवघड झालं, ते शिवानंद भावजी. नागपूरहून निघाले, पण ते पोहोचेपर्यंत आम्हाला थांबता आलं नाही, आणि तुमचं तोंड त्यांना दिसायचं राहून गेलं. वर्षभर ते आमच्याशी फारसं बोलले नाहीत. परवा आले, तुमच्या खोलीच्या दारात उभे राहिले, आत स्पीकर, वायरी, कोपऱ्यात गाद्या. आणि म्हणाले, "आईची खोली ना ही? मग इथे आई कुठे आहे? उद्याचं झालं की हे सगळं उचला. इथे तिचा पलंग ठेवा, फोटो लावा. मी आलो की मला टेकायला तिची एक जागा हवी."

महेश चिडला. "दादा, तिने स्वतः ही खोली दिली सुजाताला."

"तिने सगळ्यांना सगळंच दिलं. म्हणून घ्यायचं?"

आत्या, चूक होतं का त्यांचं? त्यांना आई हवी होती. मी महेशला खूण केली, गप्प राहा. काल विधी झाला, जेवणं झाली. दुपारी मी वायरी काढायच्या म्हणून खोलीत आले, तर भावजी खुर्चीत बसलेले. माझ्या खुर्चीत, दोन्ही स्पीकरच्या बरोबर समोर. काढायच्या आधी एकदा ऐकवू का, असं मी विचारलं. त्यांनी खुर्ची सोडली नाही. मी लावलं.

नाटकातलं नाही लावलं. त्या दिवशीचं सगळं रेकॉर्डिंग, मधल्या गप्पांसकट, माझ्याकडे जसंच्या तसं आहे. तुम्ही पाणी पिताय, मला बांगड्या काढून ठेवायला देताय, महेशला "सुम्न कुंद्रु" म्हणून गप्प बसवताय.

भावजी एकदम पुढे झुकले. डाव्या स्पीकरकडे पाहिलं, उजव्याकडे पाहिलं, मग मधल्या मोकळ्या जागेकडे. "तिसरा कुठे लपवलाय?"

"तिसरा नाहीये, भावजी. दोन्हीकडून सारखाच आवाज आला की तो मधोमध उभा राहतो. स्पीकर नीट असले आणि आपण नेमके मधे बसलो की तसं होतं."

ते त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. तिथे तुम्ही होतात, आत्या. इरकल सळसळत होती, श्वास ऐकू येत होता. मी इतक्यांदा ऐकलंय, तरी काल मीही तिकडेच बघत होते.

आणि मग तो भाग आला. तुम्हाला आठवत असेल. वृंदाताई सांगतायत, "आजी, आता खूप चिडून बोला." तुम्ही विचारताय, "कुणावर चिडू?" त्या म्हणतायत, कुणावरही, घरात ज्याच्यावर सगळ्यांत जास्त चिडल्या असाल त्याच्यावर. तुम्ही जरा थांबता. आणि मग असा आवाज लावता की आवाज मोजणारा माझा काटा लाल खुणेत गेला होता.

"शिव्याऽऽ! पुन्हा चपला कुटं टाकून आलास रं?"

आत्या, तुमचा पन्नाशी ओलांडलेला, केस पिकलेला मुलगा खुर्चीत ताठ झाला आणि त्याने खाली आपल्या पायांकडे पाहिलं!

पायांत काही नव्हतंच. चपला बाहेर दारात होत्या. पण त्यांनी पाहिलं, आणि आपण पाहिलं हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते हसायला लागले. तुमच्यासारखेच, अख्खं अंग हलवून. मग डोळे भरले, मग पुन्हा हसू. महेश धावत आला, माझ्या थोरल्या जाऊबाई, ताई, हातातलं भांडं घेऊनच आल्या. भावजी सांगत होते, "दर पावसाळ्यात हरवायच्या माझ्या चपला. मारुतीच्या देवळापाशी काढायचो आणि अनवाणी घरी. हिच्या ध्यानात आहे अजून!"

"अजून" म्हणाले.

मग सगळ्यांनाच ऐकायचं होतं. पण नेमकी जागा एकच, खुर्ची एकच. म्हणून रांग लागली. ताई बसल्या, महेश बसला, मंडळातल्या बायका बसल्या. समोरच्या काकू बसल्या आणि उठताना डोळे पुसत म्हणाल्या, "आवाज लहान हाय की गं याचा. मी उगीच ओरडले." भावजी दारात उभं राहून प्रत्येकाला सांगत होते, "डोकं हलवू नका, बरोबर मधे बसा." जणू स्पीकर त्यांनीच आणलेत!

संध्याकाळी मी वायरी गोळा करायला हात घातला तर त्यांनी तो धरला. "राहू दे, सुजाता. पलंग ठेवला असता तर मी त्याच्याकडे बघून रडलो असतो. इथे आई बोलते." मग म्हणाले, "मी आलो की एवढं लावून देत जा."

मी हातातली वायर सोडून दिली आणि मान हलवली.

आज सकाळी निघण्याआधी भावजींनी आणखी एक केलं. चहा पिता पिता म्हणाले, "माझंही काहीतरी घेऊन ठेव." मी मायक्रोफोन लावला. ते लहानपणी शाळेच्या गॅदरिंगला म्हटलेलं एक गाणं गायले. आत्या, तुम्हाला खोटं कशाला सांगू, ते इतकं बेसूर होतं की ताई तोंडाला पदर लावून बाहेर पळाल्या! मग मी त्यांना मधे बसवून ते ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, माझ्याकडे वळून पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "हे स्पीकर बिघडलेत का?"

घर हसण्याने दणाणलं. वर्षाने पहिल्यांदा, आत्या. तुमच्या खोलीत.

आता तुम्हाला एक शब्द देते. या घरातल्या प्रत्येकाला, मंडळातल्या प्रत्येकीला, मी या खुर्चीत बसवणार. गाऊ देत, भांडू देत, नुसतं खोकू देत. कुणी गेल्यावर त्याचा आवाज शोधत बसणार नाही. ज्याचा आवाज आहे त्याला तो आधी ऐकवणार, समोरासमोर, जसा आहे तसा. आणि ऐकताना त्याचा चेहरा कसा होतो, ते मी अगदी जवळून बघणार.

भावजी निघालेत. नागपूरला पोहोचल्यावर फोन करतील. बहुतेक पुन्हा गाण्यासाठीच!

तुमची भांडणं सोडवणारी सून,
सुजा